पीरभाईंची शिकवणी

नगरच्या एमआयडीसीत पीरमहंमद हे नाव फक्त कागदावर होतं. गेटवरच्या वॉचमनपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांचे ते पीरभाई. वडील गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचे. पीरभाईंनी पत्र्याच्या डब्यांपासून सुरुवात केली, मग दुधाच्या कॅन, मग स्टीलच्या टाक्या, आणि गेली पंधरा वर्षं दूध गार ठेवणारे बल्क कूलर. हाताखाली साठ माणसं. जिल्ह्यातल्या एखाद्या दूध संकलन केंद्रात पाचशे लिटरची चकचकीत टाकी दिसली, तर ती पीरभाईंच्या कारखान्यातली असण्याची शक्यता बरीच.

या साठ माणसांच्या कारखान्यात डोकं मात्र एकच चालायचं. पत्रा कुठून उचलायचा, टेम्पो आधी राहुरीला पाठवायचा की कोपरगावला, पॉलिशवाल्याला सुट्टी द्यायची का, इतकंच काय, कँटीनच्या चहात आलं टाकायचं की वेलदोडा, सगळं पीरभाईंना विचारून. माझ्याशिवाय इथं पान हलत नाही, असं ते येईल त्याला त्रासलेल्या सुरात सांगायचे. सूर त्रासलेला असला तरी मिश्या खूश असायच्या. सख्ख्या भाच्याच्या निकाहात ते मांडवामागे उभं राहून कुणाला तरी बोल्टचा साइज सांगत होते. त्यांच्या बायकोने, शरिफाबींनी, तो किस्सा पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना ऐकवला.

फेब्रुवारी संपता संपता कल्याणने राजीनामा दिला.

कल्याण म्हणजे कारखान्याचा प्रॉडक्शन मॅनेजर. डिप्लोमा करून बाविसाव्या वर्षी आला, त्याला अकरा वर्षं झाली. पीरभाईंनी त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं, त्याच्या लग्नात पहिल्या पंगतीला वाढायलाही उभे राहिले होते. तो आता चाकणच्या एका कंपनीत चालला होता. दोन महिन्यांची नोटीस होती. पीरभाईंनी पगार वाढवतो म्हणून सांगितलं. कल्याण म्हणाला, पगाराचं नाही भाई. मग कशाचं, ते काही तो बोलला नाही, आणि पीरभाईंनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी कामापुरतं बोलायला सुरुवात केली. त्यांच्या हिशेबाने ती शिक्षा होती.

त्यांची मुलगी मेहविश पुण्याला एमबीए करून आली होती आणि कारखान्याचं ऑफिस आणि विक्री बघत होती. हे सगळं तिने आठवडाभर पाहिलं आणि एका सकाळी नाश्त्याला विषय काढला. अब्बांनी एक कोच लावावा असं तिचं म्हणणं होतं.

"कोचिंग?" पीरभाई म्हणाले. "मी दहावी नापास आहे हे मान्य. पण आता या वयात क्लास लावतेस होय?"

"क्लास नाही अब्बा. त्या शिकवत नाहीत. त्या विचारतात."

"मग उत्तरं कोण देतं?"

"तुम्हीच."

"म्हणजे फी आपली आणि उत्तरंही आपलीच."

"हो."

पीरभाईंना हसू आलं. तिथेच त्यांची चूक झाली, कारण मेहविशने ते हसू होकार म्हणून धरलं आणि त्याच दिवशी फोन लावून टाकला.

धनश्री मूळची कोल्हारची. पुण्याकडे एका मोठ्या कारखान्यात अठरा वर्षं काढली, शेवटची सहा वर्षं तिथली प्रमुख म्हणून. आता सावेडीत राहत होती आणि जिल्ह्यातल्या उद्योजकांना कोचिंग करत होती. पीरभाईंना वाटलं होतं, लॅपटॉप, पडदा, रंगीत चित्रं असं काहीतरी घेऊन कुणी येईल. ती आली स्कूटरवर, आणि बरोबर होती एक वही. बसल्या बसल्या तिने स्पष्ट सांगितलं की पीरभाई जे बोलतील ते तिच्यापाशीच राहील, मेहविशलाही कळणार नाही. टाक्या कशा बनवायच्या हे ती सांगणार नाही, कारण तिला ते येत नाही. आणि तीन महिन्यांत उपयोग वाटला नाही तर राम राम. पहिला दिवस तिला नुसतं त्यांच्या मागे मागे फिरायचं होतं.

पीरभाईंनी मनात म्हटलं, फिरा. एक माणूस किती भार वाहतो ते तरी बघा.

त्या दिवशी त्यांनी कमालच केली. सकाळी आठपासून एकाच वेळी दोन फोन, तीन माणसं आणि एक क्रेन सांभाळली. माणूस तोंड उघडतोय तोवर उत्तर तयार. धनश्री चार पावलं मागे उभी राहून वहीत रेघा मारत होती. संध्याकाळी चहा आला तेव्हा तिने वही उघडली.

"आज तुमच्याकडे एक्केचाळीस वेळा कुणी ना कुणी काहीतरी विचारायला आलं," ती म्हणाली. "त्यात अडतीस वेळा तुम्ही समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर दिलंत."

पीरभाईंना ते कौतुकच वाटलं. अनुभव आहे ताई, असं ते म्हणाले. मग त्यांनी राहिलेल्या तीन वेळांचा हिशेब विचारला. एकदा बँकेचा साहेब होता, एकदा पत्ता चुकलेला कुरिअरवाला, आणि तिसऱ्या वेळी पीरभाई फोनवर होते.

"तुमची उत्तरं बहुतेक बरोबरच असतील," धनश्री म्हणाली. "पण त्या अडतीस जणांना पुढे काय म्हणायचं होतं?"

पीरभाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शेवटी त्यात त्यांनी बिस्किट घातलं.

धनश्रीने त्यांना आठवड्याचं एक काम दिलं. कुणी विचारायला आलं की आपण उलट विचारायचं, तुला काय वाटतं? आणि मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. दहा होईपर्यंत ओठ हलवायचे नाहीत.

पहिला सापडला स्टोअरचा गहिनीनाथ. वेल्डिंगच्या आर्गन गॅसचे सिलिंडर संपत आलेत, मागवू का, म्हणून तो आला. पीरभाईंनी त्याला त्याचं मत विचारलं आणि शांत उभे राहिले. इतक्या वर्षांत पीरभाई शांत उभे आहेत असं गहिनीनाथने कधी पाहिलेलं नव्हतं. तो सहापर्यंत कसाबसा टिकला, मग म्हणाला, चुकलं भाई, आणि निघून गेला. काय चुकलं हे त्याला माहीत नव्हतं. पीरभाईंनाही नव्हतं.

तिसऱ्या दिवसापर्यंत कारखाना हवालदिल झाला. कुणी म्हणालं, भाईंना डॉक्टरने बोलायला बंदी केलीय. कुणी म्हणालं, कारखाना चाकणच्या कंपनीने घेतलाय आणि कल्याण पुढे जागा बघायला चाललाय. पॅकिंगमधल्या एकीने थेट शरिफाबींना फोन करून भाईंच्या बीपीची चौकशी केली. त्याच दिवशी शरिफाबींनी जेवायला काय करू म्हणून विचारलं, तर पीरभाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, तुला काय वाटतं?

"मला वाटतं, तुम्ही दवाखान्यात जावं," शरिफाबी म्हणाल्या.

चौथ्या दिवशी बांध फुटला. गेटवर ट्रक उभा, पॅकिंग अर्धवट, आणि तीन माणसं टाकी कशी चढवायची यावर तीन दिशांना बघत होती. पीरभाईंनी बाह्या सारल्या आणि दुपारभर हुकूम सोडले. ट्रक वेळेत गेला. शुगर असलेल्या माणसाने चोरून चार गुलाबजाम खावेत तसं त्यांना वाटलं. लोकांनाही हायसं वाटलं. भाई बरे झाले, असं कँटीनमध्ये बोललं गेलं.

पुढच्या भेटीत त्यांनी धनश्रीला ऐकवलं की हा कारखाना आहे, शाळा नाही. इथं ट्रक उभा असतो. माणसं विचार करत बसली तर माल गेटातच राहील. धनश्रीने वाद घातला नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की ट्रकच्या दिवशी हुकूम दिलात त्यात काही वावगं नाही. पण वर्षातला प्रत्येक दिवस ट्रकचा असतो का? मग तिने वेगळंच विचारलं.

"कल्याण का चाललाय?"

"पगार वाढवतो म्हणून सांगितलं त्याला."

"ते सांगितलंत. विचारलंत का?"

पीरभाईंचा पारा चढला. कल्याण त्यांच्या घरातला होता, अकरा वर्षांचा, आणि ही बाई येऊन पंधरा दिवस झाले होते. आज एवढं पुरे, असं ते म्हणाले. धनश्रीने वही मिटली, चहा शेवटच्या घोटापर्यंत शांतपणे प्यायला, नमस्कार केला आणि गेली. दोन आठवडे पीरभाईंनी तिला फोन केला नाही. मेहविशने विषय काढला नाही. ती फक्त रोज जेवताना त्यांच्याकडे एकदा बघायची. त्यापेक्षा तिने भांडलेलं परवडलं असतं.

एप्रिलच्या सुरुवातीला घोडेगावहून तक्रार आली. तिथल्या दूध संकलन केंद्राच्या मालकांचं नावच कारभारी. त्यांचं टाकीतलं दूध महिन्यात दुसऱ्यांदा आंबलं होतं आणि डेअरीने सगळं परत पाठवलं होतं. कारभारी फोनवर आरडाओरडा करत नव्हते, आणि तेच पीरभाईंना जास्त लागलं. ते स्वतः जायला निघाले. कल्याणला बरोबर घ्यावंच लागलं. टाकीचा जोड आतून तपासायला लंकाबाईलाही घेतलं. लंकाबाई पाथर्डीकडची. आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, पुढे कोयता सोडून कारखान्यात झाडायला लागली आणि बघता बघता वेल्डिंग शिकली. आता टाकीच्या आतला जोड तिच्याइतका साफ कुणाचाच बसायचा नाही.

नेमका तो घोडेगावच्या बाजाराचा दिवस. गावाअलीकडे दीड किलोमीटरवर गाडी थांबली ती थांबलीच. पुढे म्हशींनी भरलेले टेम्पो, मागे म्हशींनी भरलेले टेम्पो, आणि मधल्या जागेतून दावं धरून चाललेली माणसं. गाडी चालवत होता कल्याण. शेजारी पीरभाई. नगरपासून इथपर्यंत दोघांनी डिझेल आणि ऊन यांपलीकडे एक अक्षर काढलं नव्हतं. शिंगांना लाल रंग लावलेली एक म्हैस काचेपाशी येऊन पीरभाईंकडे निवांत बघत उभी राहिली.

का कोण जाणे, पीरभाईंनी त्या म्हशीकडे बघतच विचारलं, "कल्याण, तू का चाललायस?"

आणि ते मोजू लागले. चारपर्यंत काही नाही. सहाला कल्याणने घसा साफ केला. आठला पीरभाईंच्या जिभेवर तीन वाक्यं येऊन बसली. ती त्यांनी गिळली.

"भाई, तिकडं पगार फार जास्त नाही," कल्याण म्हणाला. "मागे एकदा माझ्या मुलीने विचारलं, पप्पा, तुम्ही कारखान्यात काय करता? मी विचार करायला लागलो. मग तिला सांगितलं, भाई जे सांगतात ते मी पुढे सांगतो. ती म्हणाली, बास? मला तिला पुढे काही सांगता येईना."

एरवी पीरभाईंनी लगेच सांगितलं असतं, की अरे, तुला मीच तर मॅनेजर केला. त्यांनी ते सांगितलं नाही. म्हैस पुढे सरकली. कल्याण मग बराच वेळ बोलत राहिला. त्याने दोन वर्षांपूर्वी टाकी ट्रकवर चढवायचं मचाण बदलायची कल्पना आणली होती, ती भाईंनी कागद न बघताच नको म्हटली होती. तो सुट्टीवर असला तरी कारखान्याला काही फरक पडत नाही, हे त्याला माहीत होतं. आवाजात राग नव्हता. रस्ता मोकळा झाला तेव्हा पीरभाई एवढंच म्हणाले, की हे मला माहीत नव्हतं. ते खरंच होतं.

केंद्रावर पोचल्या पोचल्या त्यांना उत्तर मिळालंही. टाकीच्या आत डोकावलं आणि कळलं, हे लोक धुण्यात कुचराई करतात. कारभारी समोर उभे होते. पीरभाईंनी बोलायला श्वास घेतला आणि तो तसाच सोडून दिला. मग ते लंकाबाईकडे वळले. "तुला काय वाटतं गं?"

लंकाबाई आधी चपापली. मग तिने तांब्याभर पाणी मागितलं, टाकीत ओतलं आणि खालचा व्हॉल्व उघडला. पाणी गेलं, पण सगळं गेलं नाही. पलीकडच्या कोपऱ्यात पेलाभर तरी तसंच चमकत राहिलं.

"टाकी उताराला बसली न्हाई, शेठ," ती म्हणाली. "आपल्या शेडात जिमीन सारखी हाय, तितं समदं पानी जातं. हितं गवंड्यानं कोबा केलाय तो मोरीकडं उतरता. टाकीचा नळ ऱ्हायला दुसऱ्या अंगाला. किती बी धुवा, धुन्याचं पानी कोपऱ्यात ऱ्हातं, त्यात नवं दूध पडतं. पायाला फिरकी पायजे, मंजी ज्याची जिमीन जशी तसा पाय खालीवर करता यील."

पीरभाई कोपऱ्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. "हे कधी लक्षात आलं तुझ्या?"

"तीन वर्सं झाली. म्या सांगाया आलते. तुमी म्हनले, त्यांला धुनं नीट करायला सांगा."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. पीरभाईंना तो प्रसंग आठवला नाही, आणि न आठवणंच त्यांना बोचलं. तीन उन्हाळे गावोगावच्या तक्रारींना ते एकच उत्तर देत आले होते, आणि खरं उत्तर त्यांच्याच शेडात, टाकीच्या आत बसून, वेल्डिंग करत होतं.

कल्याणने तोवर गाडीतला जॅक आणला होता. टाकीचा मागचा पाय उचलून खाली पत्र्याचे तुकडे सारले. पाणी सरसर निघून गेलं. कारभारींनी वाकून कोपरा बोटाने पुसून पाहिला आणि पहिल्यांदा चहाचं नाव काढलं. चहा येईपर्यंत कल्याण खिशातल्या कागदावर फिरकीच्या पायाचं चित्र काढत होता. लेथवर आठवड्यात पन्नास पाय निघतील, नव्या टाक्यांना लावूच, पण ऊन वाढायच्या आत जुन्या टाक्यांनाही स्वतः होऊन बसवून द्यावेत, असं त्याचं म्हणणं पडलं. बोलून झाल्यावर त्याने सवयीने पीरभाईंकडे पाहिलं.

"तुझं काय ठरलं?" पीरभाईंनी विचारलं.

"करायचं."

"मग कर. आणि यातलं मला काही विचारायला येऊ नकोस."

परतताना त्यांनी धनश्रीला फोन लावला. सोमवारी याल का, एवढंच विचारायचं होतं, पण बोलता बोलता इमामपूरचा घाट उतरून झाला. बाजार, म्हैस, मोरी, कोबा सगळं सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पलीकडून मध्ये एकदाही कुणी तोडलं नव्हतं.

त्यानंतरचं काम दिसायला साधं होतं, करायला चिवट. धनश्रीने त्यांना फक्त आपणच घेऊ शकू अशा निर्णयांची यादी करायला सांगितली. पीरभाईंनी तेवीस लिहिले. दर आठवड्याला ती एकेकावर बोट ठेवायची आणि विचारायची, हा दुसऱ्या कुणी घेतला तर काय बिघडेल? कँटीनचा चहा पहिल्याच फेरीत गेला. टेम्पो गेले, सुट्ट्या गेल्या, सिलिंडर गहिनीनाथकडे गेले. दोन वेळा पीरभाईंनी दिलेलं परतही घेतलं. धनश्री त्यावर रागावली नाही. परत घेताना नेमकी कसली भीती वाटली, एवढंच विचारलं. महिन्याअखेरीला यादीत पाच उरले. लंकाबाईकडे तपासणी आली. तिने बरी म्हटल्याशिवाय टाकी गेटाबाहेर जायची नाही, मग ती कुणाचीही असो. पहिल्याच आठवड्यात तिने दोन अडवल्या.

कल्याणची नोटीस संपत आली होती. त्याला थांबवू कसा, असं पीरभाईंनी विचारलं. धनश्रीने विचारलं, तुम्हाला तो थांबायला हवाय की खूश असायला हवाय? दोन दिवस त्यांनी हा प्रश्न घेऊन येरझारा घातल्या. मग कल्याणला बोलावून सांगितलं, की जायचं तर जा, माझ्याकडून काही अडवणूक नाही. थांबलास तर शेड तुझं. मी सकाळी आठला येणार नाही, अकराला येईन, आणि आलो तरी बोलावल्याशिवाय शेडमध्ये येणार नाही.

कल्याणने विचार करायला चार दिवस घेतले. पीरभाईंच्या आयुष्यात इतके लांब चार दिवस आले नव्हते. पाचव्या दिवशी तो म्हणाला, थांबतो, पण एक अट आहे. पीरभाईंनी अट ऐकून घेतली. धनश्रीताईंचा आठवड्यातला एक तास त्यालाही हवा होता. आता सगळे त्याच्याकडे विचारायला येत होते, आणि काल त्याने गहिनीनाथला अर्ध्या वाक्यात तोडलं होतं.

पीरभाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आता सकाळचे मोकळे तास कशात घालवायचे, हा नवा प्रश्न उभा राहिला. घरी बसले तर शरिफाबी हाकलून देत. तेव्हा ते कोल्हारच्या एका संकलन केंद्रावर जायला लागले. काम काही नाही, नुसतं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं. पंधरा वर्षं टाक्या विकल्या, पण त्यात दूध पडताना त्यांनी निवांत बसून कधी पाहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांना दिसलं की बायका लांबच्या वस्त्यांवरून पाच-सात लिटरच्या किटल्या घेऊन चालत येतात, आणि उन्हात अर्धं दूध रस्त्यातच बिघडतं. त्यांनी शेजारी बसलेल्या मनकर्णा नावाच्या बाईला विचारलं, वस्तीवरच छोटी टाकी असली तर? तिने त्यांना बारा अडचणी सांगितल्या. त्यांनी बाराही ऐकल्या आणि पाकिटाच्या मागे लिहून घेतल्या.

पुढच्या आठवड्यात मेहविश, कल्याण आणि लंकाबाई यांना समोर बसवून त्यांनी दोनशे लिटरच्या वस्तीच्या टाकीची कल्पना मांडली. मेहविश म्हणाली, वस्तीवर वीज दिवसातून आठ तास, बाकीचे सोळा तास काय? बरोबर आहे, पीरभाई म्हणाले. कल्याणने टाकीच्या वजनाचा मुद्दा काढला. तेही बरोबर होतं. लंकाबाई म्हणाली, झाकन येवढं जड असलं तर म्हाताऱ्या बायांनी कसं उचलायचं? त्यांनी तेही लिहून घेतलं. मग मेहविशने टाकीला निळा रंग द्यावा असं सुचवलं, आणि तिथे मात्र पीरभाई अडून बसले. स्टीलला रंग देणं म्हणजे काय, हे त्यांना पटेना. तिघं एका बाजूला, ते एकटे दुसऱ्या बाजूला. त्या दिवशी सगळ्यांचं जेवण साडेतीनला झालं, आणि रंगाचं ठरलंच नाही.